जागल्याचा धर्म

जुन्या गांवगाड्यांत जागल्या नांवाचा एक माणूस असे. दिवेलागण होऊन माणसें अंथरुणाला टेंकलीं म्हणजे त्याचा दिवस उजाडे. हातांत काठी घेऊन तो एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत फिरे, मधून मधून आरोळी देई, आणि पहांटे घरीं जाऊन निजे. सुगीच्या वेळीं तो खळ्यावर धान्य मागावयास आला म्हणजे एखादा कवडीचुंबक शेतकरी त्याला विचारीत असेल, "कां रे बाबा, यंदा चोर किती धरलेस?" या प्रश्नाला जागल्यापाशीं उत्तर नसे. चोरी झाली नाहीं हेंच त्याच्या कामाचें फळ. परंतु न घडलेली गोष्ट दाखवावी कशी? सुतारानें केलेला नांगर दिसतो, कुंभारानें घडविलेलें मडकें दिसतें. जागल्यानें राखलेली रात्र मात्र कोणालाच दिसत नाहीं, कारण ती सर्वांनीं झोंपेंत घालविलेली असते.

न घडलेल्या अनर्थाचें मोल काय, आणि तो घडूं नये म्हणून जागत बसण्याचें कर्तव्य कोणाचें, हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाहीं. माझ्या मनांत तो उभा राहिला एका रोगाच्या निमित्तानें, आणि खरें सांगावयाचें तर माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीच्या निमित्तानें. म्हणून प्रथम त्या रोगाची ओळख करून देणें अवश्य आहे.

ल्यूपस हें त्या रोगाचें नांव. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील कातडी एखाद्या श्वापदानें कुरतडल्यासारखी दिसे, यावरून मध्ययुगांतील युरोपीय वैद्यांनीं हें नांव रूढ केलें. पुढें १८७२ सालीं व्हिएन्ना येथील कापोसी या त्वचारोगतज्ज्ञानें हा रोग कातडीपुरता नसून सर्व देहांत संचार करूं शकतो हें दाखवून दिलें. आणि त्या शतकाच्या अखेरीस ऑस्लर या विख्यात वैद्यानें आंतल्या इंद्रियांवर होणारे त्याचे घाव वर्णिले. शत्रूशीं लढण्यासाठीं देहानें बाळगलेली फौज आपपरभाव विसरून आपल्याच घरावर चालून येते, हें या रोगाचें मर्म. दहा रोग्यांत सुमारें नऊ स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा ऐन तारुण्यांतल्या. सांधे दुखतात, बारीक ज्वर राहतो, केस गळतात, थकवा अंग सोडीत नाहीं. कित्येकींच्या नाकावर व गालांवर पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा तांबडा चट्टा उठतो. उन्हानें हा रोग बळावतो. ज्या परभणी जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या बराच वर चढतो, आणि कापूस वेंचण्याचें काम पिढ्यानुपिढ्या बायकांच्या हातीं आहे, तेथें "ऊन टाळा" हे दोन शब्द सांगणाराला सोपे व ऐकणारीला किती अवघड असतील, हें सांगावयास नको.

तरीही या रोगाचा इतिहास निराशेचा नाहीं. अमेरिकेंत १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत निदानानंतर चार वर्षांनीं जेमतेम निम्मे रोगी जिवंत असल्याचें आढळलें होतें. आज जेथें उपचार नीट मिळतात तेथें दहांपैकीं नऊ रोगी पांच वर्षांचा टप्पा ओलांडतात, आणि पुष्कळ जणी संसार, नोकरी, मुलेंबाळें सांभाळून दीर्घ काळ जगतात. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. हा रोग जात नाहीं. तो शांत होतो. आणि शांत झालेला रोग व गेलेला रोग हे दोन्ही बाहेरून अगदीं सारखेच दिसतात. विशेषतः मूत्रपिंडाच्या बाबतींत हें फार खरें आहे. ल्यूपसच्या जवळ जवळ निम्म्या रोग्यांच्या मूत्रपिंडाला केव्हां ना केव्हां झळ पोंचते. परंतु मूत्रपिंडाला आपली व्यथा बोलून दाखवितां येत नाहीं. तें न दुखतां, न ठणकतां झिजत जातें. पायांवर सूज दिसूं लागते तेव्हां पुष्कळदां बरेंच नुकसान होऊन गेलेलें असतें.

माझी एक पुतणी सेलूस शाळेंत शिक्षिका आहे. कांहीं वर्षांपूर्वीं तिच्या बोटांचे सांधे धरले. प्रथम वात म्हणून, मग थकवा म्हणून, मग मनाचें दुखणें म्हणून सात-आठ महिने गेले. अखेर छत्रपती संभाजीनगरच्या एका तज्ज्ञानें रोगाचें नांव उच्चारलें. औषध लागू पडलें. दोन वर्षांत ती पूर्वींसारखी हिंडूं फिरूं लागली. दर तीन महिन्यांनीं मात्र तिला संभाजीनगरला जावें लागे. शाळेची रजा, रेल्वेचा प्रवास, रक्त व लघवी यांच्या तपासण्या, दिवसभर बाकावर बसून राहणें, आणि शेवटीं डॉक्टरांचीं पांच मिनिटें. एकदां ती मला म्हणाली, "काका, मला आतां कांहींच होत नाहीं. डॉक्टर कागद बघतात आणि 'छान आहे' म्हणतात. एवढें 'छान' ऐकण्यासाठीं एक दिवस आणि एवढे पैसे कशाला घालवायचे?" मीं मोठ्या शहाणपणानें उत्तर दिलें, "खरें आहे तुझें. निजलेलें दुखणें उगीच उठवूं नये. कांहीं वाटलें तर जा."

तिला आठ महिने कांहींच वाटलें नाहीं. नवव्या महिन्यांत मुलाच्या तापासाठीं ती गांवांतल्याच एका वयस्क डॉक्टरांकडे गेली. ते विशेषज्ञ नव्हेत. सर्दी-पडशापासून विंचवाच्या दंशापर्यंत सर्व पाहणारे. परंतु तिचें दुखणें त्यांच्या लक्षांत होतें. मुलाला औषध देऊन झाल्यावर त्यांनीं तिला विचारलें, "आणि बाई, तुमचें कसें आहे? लघवी शेवटची केव्हां तपासली?" तिला तारीख आठवेना. त्यांनीं रक्तदाब पाहिला. तो वाढलेला होता. मग लघवींत औषधी कागदाची एक पट्टी बुडविली. त्या पट्टीवरचा पिवळा तुकडा पाहतां पाहतां हिरवा झाला. रक्तांत राहावयाचें प्रथिन लघवीवाटे बाहेर चाललें होतें. पुढचें सर्व यथाक्रम झालें. मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासणें, जोरकस औषधें, कांहीं महिन्यांची काळजी. मूत्रपिंड वांचलें. तिनें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. फक्त एकदां म्हणाली, "पण काका, मला खरोखरच कांहीं होत नव्हतें हो."

या वाक्यानें मला अस्वस्थ केलें. ती खोटें बोलत नव्हती. मींही तिचें वाईट चिंतिलें नव्हतें. दोघेंही आपापल्या परीनें प्रामाणिक होतों, आणि दोघांचेंही चुकलें होतें. आपल्या देहाविषयीं आपल्याइतका जाणता साक्षीदार दुसरा नाहीं अशी आपली सर्वांची समजूत असते. वेदना होत असली तर तें म्हणणें सर्वथैव खरें आहे. परंतु वेदना नाहीं यावरून विकार नाहीं असें अनुमान काढणें म्हणजे कुत्रा भुंकला नाहीं यावरून चोर आला नाहीं असें ठरविण्यासारखें आहे. "मला बरें वाटतें" आणि "मी बरी आहें" हीं दोन विधानें भिन्न आहेत. पहिल्याचा निर्णय रोग्याचा. दुसऱ्याचा निर्णय एकट्या रोग्याला करतां येत नाहीं, यांत त्याचा कमीपणा नाहीं.

येथें एक आक्षेप निघण्याचा संभव आहे, आणि तो क्षुल्लक नाहीं. कोणी म्हणेल, ज्या बाईला बरें वाटत आहे तिला दर तीन महिन्यांनीं तिच्या रोगाची आठवण करून देणें ही कसली दया? अशानें ती जन्मभर रोगीच राहील. सुखानें जगण्यासाठींच ना औषध घ्यावयाचें? मग तें सुखच पहाऱ्याच्या पायीं नासवून टाकण्यांत काय हंशील? मनुष्याला आपलें दुखणें विसरण्याचाही कांहीं हक्क आहे.

आहे, तो हक्क मला पूर्णपणें मान्य आहे. परंतु विसरतां यावें म्हणूनच तर कोणीतरी लक्षांत ठेवावें लागतें. जागल्या फिरतो तो गांवानें जागावें म्हणून नव्हे, तर गांवानें निजावें म्हणून. ज्या पहाऱ्यामुळें सगळा गांव रात्रभर अंथरुणावर बसून राहतो तो पहारा फसला असें समजावें. भय आणि सावधगिरी यांतला भेद हाच आहे. भयाला वेळ नसतो. तें आठही प्रहर मनांत घर करून असतें. सावधगिरीला वेळ ठरलेली असते. अमुक दिवशीं, अमुक तपासणी, आणि ती झाली कीं पुढच्या तारखेपर्यंत मन मोकळें. रोग जोरांत असतांना ही तारीख एक ते तीन महिन्यांनीं येते. तो स्थिरावला म्हणजे सहा महिन्यांवर किंवा त्याहून दूरही जाऊं शकते. तारीख ठरविणें ही रोगिणीवर केलेली सक्ती नसून मधल्या दिवसांची तिला दिलेली मोकळीक आहे.

मात्र जागल्याच्याही अंगीं विवेक पाहिजे. पान हललें कीं आरोळी ठोकणारा जागल्या चोराहून अधिक उपद्रवी. या रोगांत रक्तांतील कांहीं प्रतिपिंडांचें प्रमाण चढलें, किंवा पूरक म्हणून जीं प्रथिनें असतात तीं उतरलीं, म्हणजे रोग पुन्हां उसळण्याची ती सूचना असूं शकते. परंतु कित्येक रोग्यांचे हे आंकडे वर्षानुवर्षें बिघडलेले राहतात आणि रोग मात्र निपचित पडलेला असतो. अशा वेळीं केवळ कागदावरील आंकडा सुधारावा म्हणून स्टेरॉइडची मात्रा वाढविणें म्हणजे उंदराच्या खुडबुडीसाठीं गांवावर बंदुका झाडणें होय. चांगला वैद्य कागदही पाहतो आणि माणसाकडेही पाहतो. दोहोंचें जमत नसेल तर घाई न करतां तपासण्यांच्या तारखा जवळ आणतो. पाहणें आणि लगेच कांहींतरी करणें, यांच्या मध्यें थांबण्याची एक जागा आहे. ती ज्याला सांपडली त्याला वैद्यकाची अर्धी नीति साधली.

याहून पुढचीही एक पायरी आहे. पहारा केवळ रोगावर ठेवून भागत नाहीं, औषधावरही ठेवावा लागतो. ल्यूपसच्या जवळ जवळ सर्व रोग्यांना दिलें जाणारें हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हें मूळचें हिंवतापाच्या वर्गांतलें औषध. तें रोगाचे उसळे कमी करितें आणि आयुष्य वाढवितें. परंतु दीर्घ काळानें डोळ्याच्या पडद्याला इजा करूं शकतें. योग्य मात्रेंत घेतलें तर पहिल्या दहा वर्षांत ही इजा शंभरांत दोघांपेक्षांही कमी जणांना होते. वीस वर्षांनंतर मात्र तिचें प्रमाण बरेंच वाढतें. म्हणून आरंभीं एकदां आणि पांच वर्षांनंतर दर वर्षीं नेत्रतपासणी करावी असा संकेत आहे. स्टेरॉइडची गोष्ट तर सर्वश्रुतच आहे. तें संकटांत प्राण वांचवितें, आणि मुक्काम लांबला तर साखर वाढवितें, हाडें ठिसूळ करितें, जंतूंना दार उघडून देतें. शिवाय आपल्या मनानें एकाएकीं थांबविलें तर प्राणावरही बेततें. ज्यानें औषध दिलें त्यानेंच "माझ्या औषधानें हिचें कांहीं बिघडलें तर नाहीं ना?" असें वेळोवेळीं विचारणें, यांत मला वैद्यकाची मोठी नम्रता दिसते. स्वतःवरही पहारा ठेवणारा असा उपकारकर्ता आपल्या इतर व्यवहारांत किती विरळा!

आपल्या परंपरेंत योगक्षेम असा एक जोडशब्द आहे. न मिळालेलें मिळविणें तो योग, आणि मिळालेलें राखणें तें क्षेम. आपण उत्सव करितों तो योगाचा. रोगी मरणाच्या दारांतून परत आला म्हणजे पेढे वांटतों, डॉक्टरांना हार घालतों. परंतु त्यानंतरच्या दहा वर्षांत तो पुन्हां त्या दाराशीं गेला नाहीं याबद्दल कोणी पेढे वांटल्याचें ऐकिवांत नाहीं. क्षेमाकडे होणारें हें दुर्लक्ष किती खोल आहे याचा अनुभव २०२० सालीं आला. त्या वर्षीच्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या सांथीवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालेल अशी आशा उत्पन्न झाली. सरकारनें त्याची निर्यात रोखली व चिठ्ठीवांचून विक्रीवर निर्बंध कडक केले. तरी कित्येक ठिकाणीं दुकानांतून गोळ्या नाहींशा झाल्या आणि ल्यूपसच्या रोग्यांना त्यांच्यासाठीं दारोदार हिंडावें लागलें. पुढें जून महिन्यांत इंग्लंडांतील एका मोठ्या चाचणीनें रुग्णालयांतील कोरोनाच्या रोग्यांना या औषधाचा उपयोग होत नाहीं असें दाखविलें. भयभीत जगानें आशेच्या मागें धांवावें यांत नवल नाहीं. परंतु ज्या स्त्रिया त्या गोळीवरच धडधाकट दिसत होत्या, त्या धडधाकट दिसत असल्यामुळेंच कोणाच्या लक्षांत आल्या नाहींत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं: जागावें कोणीं? जागल्याची जी गोष्ट मीं आरंभीं सांगितली तिला एक काळी बाजू आहे. गांवानें जागण्याचें काम ठराविक जातींच्या माथीं जन्मानें मारलें, त्यांच्या पदरांत मूठभर धान्य टाकलें, आणि स्वतः निश्चिंत झोंप घेतली. हा न्याय नव्हे. आणि या दुखण्यांत आपण पुष्कळदां तोच अन्याय घरांत करितों. रोग तिला झाला, तेव्हां तारखा तिनें लक्षांत ठेवाव्यात, कागद तिनें जपावेत, रजा तिनें काढावी, गाडींत तिनें एकटीनें बसावें, आणि घरीं आल्यावर स्वयंपाकही तिनेंच करावा! अशा बाईनें थकून एके दिवशीं "मला कांहीं होत नाहीं" असें म्हटलें, तर तें केवळ अज्ञान नसतें. एकटीनें वाहिलेला पहारा खालीं ठेवण्याचा तो एकच सभ्य मार्ग तिच्यापाशीं उरलेला असतो. माझ्या पुतणीच्या शब्दांतला हा थकवा मला ऐकूं आला नाहीं, ही माझी खरी चूक.

हा भार वांटून घेणें अशक्य नाहीं. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागांत केलेल्या आणि १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत लाखांमागें सुमारें तीन रोगी आढळले होते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें परभणी जिल्ह्याची वस्ती अठरा लाखांवर होती. तोच हिशेब येथें लावला तर सबंध जिल्ह्यांत साठांच्या आसपास रोगी येतात. प्रत्यक्षांत याच्या दुप्पट किंवा तिप्पट असले तरी ती संख्या एका शाळेंत मावेल. या रोगाचे विशेषज्ञ मोठ्या शहरांतच असावयाचे. परभणीस २०२३ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें ही आनंदाची गोष्ट; तथापि जिंतूर, पालम, सोनपेठ येथल्या रोगिणीचा रोजचा पहारा तिच्या गांवच्या साध्या डॉक्टरांनींच करावयाचा आहे. त्याला लागतें तरी काय? रक्तदाब मोजणें, वजन पाहणें, पायांवर बोट दाबून सूज पाहणें, लघवींत ती कागदाची पट्टी बुडविणें, ताप आला तर तो रोगाचा कीं जंतूचा असा संशय धरणें, आणि एका वहींत तारीख घालून हें सर्व लिहून ठेवणें. कांहीं चुकीचें दिसलें तर शहरांतल्या तज्ज्ञाला कळविणें. यांत अलौकिक बुद्धि लागत नाहीं. लागते ती आठवण. सेलूच्या त्या डॉक्टरांनीं ज्ञानाचा कांहीं चमत्कार केला नाहीं. मुलाच्या तापाच्या गडबडींत त्यांना आईची आठवण राहिली, एवढेंच.

एक अडचण मात्र डॉक्टरांच्या हातची नाहीं, ती आपल्या घरांतली आहे. मुलगी लग्नाची असली म्हणजे आपण तिच्या रोगाचें नांव लपवितों. सासरीं गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, मग चुकतात, मग बंद पडतात. ल्यूपस असलेली स्त्री आई होऊं शकते. परंतु त्यापूर्वीं रोग निदान सहा महिने शांत असावा, गर्भाला बाधक औषधें आधींच बदलावीं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवावें, आणि नऊ महिने पहारा दुप्पट करावा, असें शास्त्र सांगतें. ज्या घरांत रोगाचें नांवच उच्चारतां येत नाहीं तेथें यांतलें काय होणार? खरें बोलल्यानें लग्न मोडेल हें भय खोटें नाहीं, आणि त्या मुलीला सत्याचे पाठ देण्याचा अधिकार मला वाटत नाहीं. सत्याची किंमत तिनें एकटीनें द्यावी असा बाजार आपण सर्वांनीं मांडला आहे. तो मोडण्याचें काम वरपक्षाकडे बसणाऱ्या तुम्हां-आम्हांकडे येतें. ज्या सासूनें "डॉक्टरांची तारीख केव्हां आहे?" असें सुनेला मोकळेपणीं विचारलें, तिनें अर्धें औषध दिलें असें मी म्हणेन.

मीं माझ्यापुरतें प्रायश्चित्त घेतलें आहे. तारखांची वही आतां माझ्यापाशीं असते, आणि ठरलेल्या दिवशीं परभणीहून निघून मी सेलूस तिला गाडींत गांठतों. पूर्वीं ती वाटेंत आंकड्यांविषयीं बोलत असे. हल्लीं शाळेंतल्या मुलांच्या खोड्या सांगते. डॉक्टर पूर्वींप्रमाणेंच कागद पाहतात आणि "छान आहे" म्हणतात. तो शब्द ऐकण्यासाठीं एवढा दिवस घालवावा कीं नाहीं, असा प्रश्न आतां आम्हां दोघांनाही पडत नाहीं. परतीच्या गाडींत ती खिडकीला डोकें टेंकून झोंपते. मी जागा असतों. परतूर गेलें म्हणजे तिला हांक मारितों.